मुलं खाली खेळतात आणि मी गॅलरीत उभी असते

प्रश्न: जूनमध्ये मिस्टरांची बदली झाली म्हणून आम्ही सांगलीहून बंगळुरूला आलोय. मुलगी 9 वर्षांची, मुलगा 4 वर्षांचा. पहिला महिनाभर लेक गॅलरीतून नुसती खाली बघत बसायची, मग एक दिवस लगोरीला गडी कमी पडत होता तर त्या मुलांनी तिला खालूनच हाक मारली आणि तेव्हापासून 5 वाजले की ती घरात थांबत नाही. धाकटा तिच्या मागे जातो पण त्याला कच्चं लिंबू करतात, कधी कधी तो नुसताच खांबाला टेकून उभा असतो. मागच्या आठवड्यात त्याला खेळातून काढलं आणि तो रडत वर आला, मी खाली जाऊन सगळ्यांना बोलले. तर लेकच माझ्यावर चिडली, "आई तू खाली येत जाऊ नकोस" म्हणाली आणि दोन दिवस धड बोलली नाही. आता ती हिंदी-कन्नड मिसळून बोलते, मराठी शब्द आठवावे लागतात तिला. मी लक्ष घालू की नको? खरं सांगते, त्यांना इतक्या पटकन माणसं मिळाली याचा आनंद होतो आणि कसंतरीपण होतं. (एक आई, बंगळुरू)

उत्तर: ताई, तुम्ही शेवटी जे लिहिलंय तिथे मी परत येते, आधी मुलांचं.

लेक चिडली कारण तिने महिनाभर वाट बघून ती जागा मिळवलीये. त्या घोळक्यात ती अजून नवीनच आहे, आणि आई येऊन सगळ्यांना रागावली की दुसऱ्या दिवशी ते तिलाच ऐकावं लागतं. राज्य कुणावर, कोण आऊट, धाकट्या भावंडाला घ्यायचं की नाही हे सगळं मुलांचं मुलांनी ठरवायचं असतं, आणि त्यात रडारड, कट्टी होणारच. संध्याकाळची कट्टी सकाळी स्कूल बसपर्यंत टिकत नाही बहुतेक वेळा. तेव्हा तुम्ही गॅलरीतून जरूर बघा पण खाली उतरू नका. लेकीला एकदा सॉरी म्हणा, मनापासून.

धाकट्याचं मला उलट छान वाटलं. मिल्ड्रेड पार्टेन नावाच्या अभ्यासक बाईंनी 1932 साली बालवाडीच्या वयाच्या मुलांच्या खेळण्याबद्दल लिहिलं होतं, त्यात नुसतं उभं राहून दुसऱ्यांचा खेळ बघणं हापण एक वेगळा प्रकार त्यांनी धरला होता. म्हणजे खांबाला टेकलेला तुमचा मुलगा तिथे रिकामा उभा नाहीये, तो सगळा डाव डोळ्यांत साठवतोय. आणि कच्चं लिंबू करणं ही तर मोठ्या मुलांनी काढलेली किती मायेची सोय आहे बघा, आऊट झाला तरी चालतो पण खेळात आहे! रडत वर आला तर जवळ घ्या, पाणी द्या, कुणाची चूक होती ते विचारू नका.

मात्र काही ठिकाणी लगेच उतरायचं. मारामारी, रोज एकाच मुलाला बाजूला ठेवणं, कुणी "घरी सांगू नको" म्हणत असेल तर, आणि गाड्या. बेसमेंट पार्किंगमध्ये खेळायचं नाही आणि न सांगता कुणाच्या घरात जायचं नाही, हे दोन नियम आजच सांगून टाका. रिव्हर्स घेणाऱ्या गाडीमागे 4 वर्षांचं मूल ड्रायव्हरला दिसत नाही.

भाषेचं म्हणाल तर मी सोलापूरची. आमच्या गल्लीत एका घरात कन्नड, पलीकडे तेलुगू, आम्ही मराठी, आणि खेळताना ज्याला जो शब्द आधी सुचेल तो. माझी मराठी कुठे गेली नाही कारण घरात आई मराठीतच बोलायची, तुम्हीपण तेवढंच करा. ती खालच्या गमती भरभरून सांगत असताना मध्येच शब्द दुरुस्त करू नका, नाहीतर सांगणंच बंद होईल, फक्त तुमचं उत्तर मराठीत असू द्या आणि आजीला रोज फोन.

तसं बघितलं तर लगोरीला कन्नडमध्येही लगोरीच म्हणतात. आणि आता संक्रांत आलीये. तुमच्या इथे मुलं नवे कपडे घालून ताटात तीळ, गूळ, खोबरं, शेंगदाणे, डाळं असं मिसळलेलं घेऊन दारोदार येतील आणि म्हणतील, "एळ्ळु बेल्ल तिंदु ओळ्ळे माताडि". एळ्ळु म्हणजे तीळ, बेल्ल म्हणजे गूळ, खाऊन चांगलं बोला. आपलंच की हे सगळं!

आता तुमचं ते "कसंतरी होणं". मुलांना माणसं मिळाली, तुम्हाला सहा महिन्यांत कुणी मिळालं नाही, मला तरी पत्रात तेच दिसलं. धाकट्याचं बोरन्हाण करा, रथसप्तमीपर्यंत कधीही चालतं, आणि खालच्या सगळ्या मुलांना बोलवा, त्या लगोरीवाल्या टोळीला तर आधी. बोरं, चुरमुरे, उसाचे करवे, गोळ्या वेचायला कुठलीच भाषा लागत नाही. लहान मुलांना सोडायला त्यांच्या आया वर येतील, त्यांना दारातून परत पाठवू नका, हळदीकुंकू तिथेच उरकून घ्या आणि चहा टाका. आमंत्रण द्यायला लेकीला बरोबर न्या, कन्नड तिला येतं, दारात काय बोलायचं ते तीच सांगेल तुम्हाला.