शिंगवाल्या बेडकाचं पिल्लू आणि परभणीचं ऊन

शिंगवाल्या बेडकाचं पिल्लू कसं सांभाळायचं विचारलंस. अजून रुपयाएवढंच आहे ना? मग मोठी टाकी नको, भोकं पाडलेला झाकणाचा डबा पुरे. तळाला दोन-तीन बोटं कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा. मुठीत दाबलं की गोळा व्हावा, पाणी गळू नये. खडे अजिबात नकोत, भक्ष्यासोबत गिळले की पोटात अडकतात.

रोज एक-दोन छोटे रातकिडे दे, कॅल्शियमची पूड लावून. शेतातले पकडू नकोस बाबा, कापसावर फवारणी झालेली असते. दुसरं पिल्लू सोबत ठेवलंस तर हे त्यालाच गिळेल.

खरी काळजी आपल्या उन्हाची. हा दक्षिण अमेरिकेचा जीव, याला २४ ते २८ अंश मानवतात. पत्र्याखाली ठेवूच नकोस. मी डबा माठाशेजारी ठेवतो, भोवती ओलं पोतं. दुपारी हात लावून बघतो.