बुलेटचा टॅपेट वाजतोय म्हणून आवळू नका

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: काकांकडून आलेली १९७८ची बुलेट ३५०. टॅपेटची (व्हॉल्व्ह उचलणाऱ्या भागाची) टिकटिक येत होती, मेकॅनिकने ‘टाइट करून दिले’, आवाज गेला. आता सकाळी गाडी बरी चालू होते, पण गरम झाल्यावर सिग्नलला बंद पडते आणि मग किका मारून पाय दुखतो. आणि तुम्ही विचारताय, फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) किती नंबरचं घालू?

फीलर गेज कपाटातच राहू द्या, या इंजिनात ते घालायला जागाच नाही. तुमच्या मेकॅनिकने बहुतेक आवाज घालवला आणि त्याबरोबर व्हॉल्व्हला नीट बसायला लागणारा मोकळेपणाही घालवला. इंजिन तापलं की व्हॉल्व्हची दांडी लांबते. टॅपेट थंडीतच ताणलेला असेल तर गरम झाल्यावर व्हॉल्व्ह सीटवर (त्याच्या बसायच्या कड्यावर) पूर्ण टेकत नाही, कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) निसटतं आणि किक पोकळ जाते. थंड असताना सगळं ठीक वाटतं ते याचमुळे. यात जास्त हाल एक्झॉस्ट व्हॉल्व्हचे, म्हणजे जळलेला गॅस बाहेर सोडणाऱ्या व्हॉल्व्हचे होतात. तो जळत्या गॅसमध्ये उभा असतो आणि त्याची बरीचशी उष्णता सीटवर टेकलेल्या वेळातच हेडमध्ये जाते. टेकायलाच मिळालं नाही की कड जळते. थोडा वाजणारा टॅपेट फार तर कानाला त्रास देईल. ताणलेला टॅपेट हेड उतरवायला लावतो. म्हणून सेटिंग होईपर्यंत गाडी फार पळवू नका.

या कास्ट आयर्न इंजिनाची कंपनीची पद्धत अगदी साधी आहे: इंजिन पूर्ण थंड, गॅप शून्य, आणि पुशरॉड (टॅपेटची हालचाल वर हेडपर्यंत नेणारी दांडी) बोटांनी मोकळी फिरली पाहिजे. बस. पुशरॉड अ‍ॅल्युमिनियमच्या नळीची असते, टोकं स्टीलची. ती तापून लांबते, पण बॅरल (सिलिंडर) आणि हेडही वाढतात, त्यामुळे थंडीतलं ‘शून्य पण मोकळं’ हे सेटिंग गरम झाल्यावरही चालून जातं. पूर्ण थंड म्हणजे रात्रभर उभी असलेली गाडी. ऑफिसातून आल्यावर तासाभराने हात लावून ‘गार वाटतंय’ असं नव्हे. एप्रिलमध्ये तर पहाटेच काय ते करा, पार्किंगमध्ये ऊन यायच्या आत.

पान्यांचं आधी बघा. जुन्या बुलेटला बरेच नट इंची मापाचे असतात. मिलिमीटरचा पाना जरा जरी ढिला बसत असेल तर जोर लावू नका, कडा गोल झाल्या की त्या अरुंद जागेत पुढे काही करता येत नाही. पातळ तोंडाचे पाने लागतात. बुधवारी किंवा रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारात चक्कर मारा, जुने इंची पाने ढिगात सापडतात, जाताना एखादा जादा नट मापाला खिशात ठेवा. टॅपेट कव्हरचं कॉर्क पॅकिंग नाना पेठेत मिळेल, दोन घ्या.

आता काम. गाडी मेन स्टँडवर, प्लग काढलेला, चौथा गिअर. उजव्या बाजूला बॅरलच्या पायथ्याशी एकाच नटावर बसलेलं छोटं कव्हर आहे, ते उघडा. खाली फडकं ठेवा, थोडं ऑइल ओघळेल. आत दोन पुशरॉडची खालची टोकं दिसतील. तळाला टॅपेट, त्यात वरून बसवलेला अ‍ॅडजस्टर, आणि दोघांच्या मधे लॉकनट. एक्झॉस्टचा कोणता हे ओळखायला डीकॉम्प्रेशनचा लिव्हर (किक हलकी जावी म्हणून एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उचलणारा) दाबा, जो उचलला जातो तो एक्झॉस्ट.

लिव्हर दाबलाच आहे तर तिथेच थांबा, कारण अर्धे लोक इथे फसतात. लिव्हर सोडल्यावर डीकॉम्प्रेशनच्या केबलला नीट ढील आहे का? केबल ताणलेली असेल तर ती एक्झॉस्ट टॅपेट कायम उचलून धरते. मग तुम्ही अ‍ॅडजस्टर कितीही नाजूकपणे फिरवा, व्हॉल्व्ह बसणारच नाही. तुमची लक्षणं नुसत्या या केबलनेही येऊ शकतात. आधी ढील द्या, मग पुढे.

मागचं चाक पुढच्या दिशेने हळूहळू फिरवा आणि प्लगच्या भोकावर अंगठा ठेवा. इनटेकचा (पेट्रोल-हवा आत घेणाऱ्या व्हॉल्व्हचा) टॅपेट वर जाऊन खाली येईल, त्यानंतर अंगठा आतून ढकलला जाईल. तो कॉम्प्रेशन स्ट्रोक. आता भोकातून शहाळ्याची प्लास्टिकची स्ट्रॉ सोडा आणि ती सगळ्यात वर येईपर्यंत चाक फिरवा. सायकलची तार घालू नका, वाकडी होऊन अडकते. पिस्टन दोनदा वर येतो हे लक्षात ठेवा. दुसऱ्या वेळी एक्झॉस्ट बंद होत असतो आणि इनटेक उघडत असतो, दोन्ही टॅपेट थोडे उचललेले असतात. तिथे सेटिंग केलंत तर गाडी चालू केल्यावर गणपतीच्या मिरवणुकीतला ताशा ऐकायला मिळेल.

एका पान्याने टॅपेट धरा, दुसऱ्याने लॉकनट सैल करा, तिसऱ्याने अ‍ॅडजस्टर फिरवा. अ‍ॅडजस्टर वर आला की गॅप कमी होते. अंगठा आणि तर्जनीत पुशरॉड धरून ती सारखी फिरवत राहा. एका जागी ती जड होईल. तिथून अ‍ॅडजस्टर किंचित मागे घ्या, इतकाच की रॉड जोर न लावता फिरेल, पण वर-खाली हलवली तर खटका लागणार नाही. एक्झॉस्टला मी आणखी केसभर ढील ठेवतो. पुस्तकात तसं नाही, पण घाटात चालवणाऱ्याने ठेवावी असं माझं मत आहे.

रॉड पूर्ण एक फेरा फिरवून बघा. अर्ध्या फेऱ्यात मोकळी आणि अर्ध्यात जड लागत असेल तर ती वाकलेली आहे किंवा टोक झिजलंय. अशा रॉडवर सेटिंग करत बसू नका, रॉड बदला.

लॉकनट आवळताना अ‍ॅडजस्टर हमखास थोडा सरकतो. म्हणून आवळल्यावर पुन्हा फिरवून बघा, पुन्हा सोडा, पुन्हा आवळा. यात अर्धी सकाळ जाते आणि ती जाऊ द्यावी. मग इंजिन दोन-चार फेरे फिरवून कॉम्प्रेशनवर आणा आणि दोन्ही रॉड परत तपासा. कव्हर बसवताना पॅकिंगला हलकं ग्रीस लावा, नट बेताने आवळा. ताकद लावली की कव्हर वाकतं आणि कायमचं ऑइल गळतं.

एवढं करून थोडी टिकटिक राहिली तर ती या इंजिनाची आहे, सोडून द्या. मोठा खडखडाट असेल तर तो टॅपेटचाच आहे असं धरू नका. हेडकडे जाणाऱ्या बाहेरच्या ऑइल पाइपमधून रॉकरला (पुशरॉडच्या धक्क्याने व्हॉल्व्ह दाबणाऱ्या भागाला) ऑइल पोचतंय का, ते इंजिन आयडलिंगला ठेवून वरचा बोल्ट किंचित सैल करून बघा. कोरडे रॉकर आणि झिजलेले बुश हुबेहूब टॅपेटसारखे वाजतात.

जाता जाता, शेजारच्या यूसीई (इंजिन-गिअरबॉक्स एकत्र असलेल्या, नंतरच्या बुलेटच्या) इंजिनवाल्याचा सल्ला घेऊ नका, त्याला हायड्रॉलिक टॅपेट आहेत. जुन्या टू-स्ट्रोक येझ्दीवाल्याचा तर मुळीच नको, टू-स्ट्रोकला टॅपेटच नसतो.

खरी परीक्षा गरम इंजिनावर. कात्रजचा जुना घाट चढा, वर पोचल्यावर पाच मिनिटं बंद ठेवा आणि किक मारा. सेटिंग बरोबर असेल तर किकवर वजन टाकल्यावर ती मधेच अडून उभी राहील. तरीही पोकळ गेली, तर घरी येऊन प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडा आणि परत बघा. कॉम्प्रेशन सुधारलं तर पिस्टनच्या रिंग गेल्यात. फरक पडला नाही तर किक सावकाश दाबत कान लावा: सायलेन्सरमधून फुस्स आलं तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, कार्ब्युरेटरमधून आलं तर इनटेक. मग हेड उतरवून व्हॉल्व्ह घासून घ्यावा लागेल, आणि कड जळलेली असेल तर बदलावाच लागेल. तो जुना व्हॉल्व्ह मेकॅनिककडून मागून घ्या आणि फोटो इथे टाका, कुठल्या बाजूने जळलाय ते पाहून पुढचं सांगतो.