शेततळ्यातले मासे आणि ताणाचे संप्रेरक

प्रश्न : आमच्या शेततळ्यात रोहू-कटल्याची बोटुकली सोडली की थंडीच्या दिवसांत काहींच्या अंगावर कापसासारखी बुरशी येते. वाहतुकीच्या ताणाने असे होते, असे बीजविक्रेते सांगतात. ताणाचा रोगाशी शरीरात संबंध कसा जुळतो? माणसातही तसेच असते काय?
— एक वाचक, चिकोडी

उत्तर : बीजविक्रेत्यांचे म्हणणे बरोबर आहे, मात्र जाळ्यात घासून खवले आणि अंगावरचा बुळबुळीत थर निघतो, त्यामुळेही बुरशीला वाट मिळते.

माशाच्या शरीररचनेतच हा संबंध दिसतो. रोहूसारख्या अस्थिमत्स्यांत रक्तपेशी हाडांच्या मगजात नव्हे, तर मुख्यतः मूत्रपिंडाच्या डोक्याकडील भागात तयार होतात, आणि कॉर्टिसोल हे ताणाचे संप्रेरक स्रवणाऱ्या पेशीही त्याच भागात, त्यांना खेटून असतात. माणसात ही कामे अस्थिमज्जा आणि अधिवृक्क ग्रंथी यांत विभागली आहेत, पण दोहोंमधील संदेशांची ये-जा रक्तावाटे चालूच आहे. १९३६ साली हान्स सेल्ये या शास्त्रज्ञाने थंडी, जखम, अतिश्रम अशा निरनिराळ्या त्रासांत प्रयोगातील उंदरांची थायमस ग्रंथी, म्हणजे प्रतिकारपेशी जिथे पक्व होतात ती ग्रंथी, आकसते, असे नोंदवले. त्यामागे कॉर्टिसोलच्याच गटातील संप्रेरके होती.

ताणाच्या संप्रेरकाने प्रतिकार दबतो, याला शरीराचे वैगुण्य म्हणणे मला पटत नाही. जंतुसंसर्ग झाला की प्रतिकारपेशी इंटरल्यूकिन-१ हे संदेशवाहक प्रथिन सोडतात, तो संदेश मेंदूला मिळतो, कॉर्टिसोल वाढते आणि दाह आटोक्यात राहतो. एरवी त्या दाहाने स्वतःच्याच ऊती नासल्या असत्या. वाढीचे संप्रेरक आणि अनेक इंटरल्यूकिने यांचे ग्राही, म्हणजे पेशीवर त्यांचा संदेश टिपणारी प्रथिने, तर एकाच प्रथिनकुळातले आहेत.

खानापूरच्या रानात पावसाळ्यात दिसणाऱ्या बेडूकमाशांकडे, म्हणजे बेडकांच्या शेपटीवाल्या पिल्लांकडे, या दृष्टीने अवश्य पाहावे. बेडकांच्या रूपांतराच्या वेळी थायरॉइड संप्रेरकाबरोबर कॉर्टिकोस्टेरॉइडेही (कॉर्टिसोलच्या गटातील संप्रेरके) वाढतात आणि, प्रयोगांत दिसले त्याप्रमाणे, जुन्या लसिकापेशी (एक प्रकारच्या प्रतिकारपेशी) मोठ्या संख्येने मरतात. प्रौढ शरीराची नवी प्रथिने त्या पेशींनी परकी ठरवू नयेत, म्हणून ही छाटणी होत असावी, असे संशोधक मानतात.

तुमच्या तळ्यापुरता प्रश्न ताणाच्या मुदतीचा आहे. थोडा वेळ वाढलेले कॉर्टिसोल मासा सोसतो. दाटी, उष्ण पाणी आणि प्राणवायूची टंचाई यांनी ते दिवसेंदिवस चढे राहिले, तर प्रतिकार खचतो. म्हणून वाहतुकीपूर्वी बीज हाप्यात (पाण्यात बांधलेल्या जाळीच्या पेटीत) उपाशी ठेवलेले असावे, ते थंड वेळी आणावे आणि पिशवी तळ्यात तरंगत ठेवून दोन्ही पाण्यांचे तापमान जुळल्यावरच सोडावे.