जुनी रेड वाइन: पहिला घोट नुसता घ्या

1996 ची बोर्दो, म्हणजे फ्रान्सच्या बोर्दो भागातली रेड वाइन आहे, सोबत झणझणीत मटण करायचं आहे, तर बाटली तीन तास आधी डिकँटरमध्ये (वाइनला हवा लागावी म्हणून वापरायच्या काचेच्या भांड्यात) ओतून ठेवू का, असं तुम्ही विचारलंय. कृपा करून ओतून ठेवू नका. आणि जमलं तर मटणाचा बेतही बदला.

कोवळ्या रेड वाइनला हवा लागली की तिचा ताठरपणा उतरतो. जुन्या वाइनमध्ये ते काम वर्षांनी आधीच केलेलं असतं. टॅनिनचे, म्हणजे वाइनला तुरटपणा देणाऱ्या घटकाचे कण एकमेकांना चिकटत जातात आणि रंगद्रव्यांसकट तळाशी बसतात. म्हणून तिचा रंग कडेला विटकरी दिसतो आणि जिभेवरचा तुरटपणा मऊ होतो. ताज्या फळांचा वास मागे पडून चामडं, तंबाखू, ओला पालापाचोळा, मशरूम असे वास वर येतात. हे वास फार नाजूक असतात. एकदा एका जुन्या बरगंडीला (ही फ्रान्सच्याच बरगंडी भागातली वाइन) मी दोन तास डिकँटरमध्ये ठेवलं होतं. बूच काढताना जो सुगंध आला, तो जेवायला बसेपर्यंत पार उडून गेला. त्याची हळहळ अजून जात नाही.

बाटली निदान एक दिवस आधी उभी करून ठेवा, म्हणजे गाळ खाली बसेल. बूच ठिसूळ झालेलं असतं, ते सावकाश काढा. वाढायच्या जरा आधी, बाटलीच्या मानेमागे उजेड धरून, एका संथ धारेत डिकँटरमध्ये ओता आणि गाळ मानेशी दिसला की थांबा. गाळ अपायकारक नसतो, पण तोंडात कडू आणि रवाळ लागतो. तापमान 16 ते 18 अंश पुरे.

आता जेवण. तिखटामुळे अल्कोहोल जास्त जळजळीत लागतं आणि कडवटपणा वाढतो. अशा ताटापुढे या वाइनचा आवाजच ऐकू येणार नाही. मीठ-मिरीवर भाजलेलं मांस किंवा लोण्यात परतलेलं मशरूम करा. मशरूम मला जास्त आवडतं, कारण त्याचा मातकट वास वाइनमधल्या वासाला जाऊन मिळतो.

पहिला घोट मात्र काहीही न खाता घ्या. मग एक घास, मग पुन्हा घोट. ग्लास एकतृतीयांशच भरा आणि दर दहा मिनिटांनी वास घ्या. सुरुवातीला बंद खोलीसारखा वास आला तरी घाबरू नका, बहुतेक वेळा तो ग्लासातच निवळतो. ओल्या पुठ्ठ्याचा वास येऊन तो वाढतच गेला, तर दोष बुचाचा. ती बाटली वाचत नाही.