मराठीत मनाला भिडणारी आणि करमणूकही करणारी मालिका कोणती? मला तर सगळ्या सारख्याच रडक्या वाटतात.

सारख्या वाटतात, कारण बहुधा तुम्ही त्या अधूनमधून पाहिल्या असाव्यात, घरात दुसऱ्या कुणीतरी लावलेल्या आणि पाचशेव्या भागाच्या आसपास. तिथवर पोचलेली कुठलीही मालिका एकसारखीच दिसते: कुणीतरी दाराआडून ऐकतंय, कुणाला तरी अपघात झालाय आणि एका वाक्यावर घरातल्या सगळ्यांचे चेहरे आळीपाळीने दाखवतायत. मी पक्की मालिकावेडी आहे, तरी हे नाकारणार नाही.

माझं उत्तर 'एका लग्नाची दुसरी गोष्ट'. झी मराठीवर २०१२ साली लागायची. घना आणि राधा, दोघांनाही लग्न करायचं नाही, पण घरचे पिच्छा सोडत नाहीत. मग दोघं संगनमताने लग्न करतात, पुढे घटस्फोट घ्यायच्या बोलीवर. सतीश राजवाडे यांचं दिग्दर्शन, स्वप्नील जोशी आणि मुक्ता बर्वे. यात खलनायिका नाही. सासरची माणसं इतकी मायाळू आहेत की त्यांना फसवताना राधाचाच जीव खालीवर होतो, आणि आपलाही. घरातल्याच कुहूच्या कविता सुरू झाल्या की बाकीचे पळ काढतात, ते वेगळंच (मला त्या कविता आवडायच्या). रडू येतं ते चांगल्या माणसांच्या अडचणीवर. आणि मुख्य म्हणजे आठेक महिन्यांत ती संपली.

लांबी हाच मालिकांचा खरा खलनायक, असं माझं मत. गुरुवारी टीआरपी येतो, म्हणजे मालिका किती बघितली गेली त्याचा आकडा. आकडा बरा असेल तर गोष्ट संपली तरी मालिका संपवत नाहीत. मग साध्या माणसाला दुष्ट करावं लागतं, नाहीतर कुणाची स्मृती घालवावी लागते. 'होणार सून मी ह्या घरची'मधली जान्हवी बँकेत नोकरी करणारी साधी मुलगी, नवऱ्याच्या, श्रीच्या घरी सहा सासवा. सुरुवात किती गोड होती! पुढे तिचं बाळंतपण इतकं लांबलं की बोरिवली-चर्चगेटच्या लेडीज डब्यात आमचं हसून हसून पोट दुखायचं. तरी बघत होतोच, ते सोडा.

मनसोक्त रडायचंच असेल तर 'आई कुठे काय करते'चा सुरुवातीचा भाग. २०१९च्या डिसेंबरात स्टार प्रवाहवर आली, 'श्रीमोयी' या बंगाली मालिकेवरून घेतलेली. हिंदीतली 'अनुपमा'ही त्यावरूनच. नायिका अरुंधतीच्या नवऱ्याचं, अनिरुद्धचं, संजनाशी असलेलं प्रकरण उघड होतं तो भाग गाजला, पण मला त्याआधीचे प्रसंग जास्त लागले. अरुंधती सगळ्यांच्या वेळा सांभाळतेय, आणि तिला काय हवंय हे कुणी विचारत नाही. मधुराणी प्रभुलकर ते फारसं न बोलता दाखवते. माझ्या सासूबाई एरवी मालिका बघताना भाजी निवडतात, त्या वेळी हात थांबवून बसायच्या. पुढे घटस्फोट, दुसरं लग्न, आणि मग त्या दुसऱ्या नवऱ्याला, आशुतोषला मारून टाकलं तेव्हा मी बघणं बंद केलं. २०२४ला संपली ती माझ्याविना.

'माझ्या नवऱ्याची बायको' करमणुकीसाठी चालेल, भावनेसाठी नको. राधिकाने नवऱ्याला आणि त्याच्या प्रेयसीला, शनायाला एकेका टोमण्यात गार करावं, तिथवर मजा. मसाल्याच्या धंद्यातून ती कोट्यधीश झाल्यावर मला तिची काळजी वाटेनाशी झाली.

थोडी जड चालत असेल तर 'अग्निहोत्र' शोधा, स्टार प्रवाहचीच, २००८ची. नाशिकचा वाडा, पांगलेले भाऊ, विक्रम गोखले आणि मोहन आगाशे. भावाभावांतला अबोला त्यात जसा आलाय तसा मी मालिकेत पुन्हा पाहिला नाही. फक्त ती जेवताना लावू नका. संवाद नीट ऐकावे लागतात.