काच वर येत नाही म्हणून गाडी बदलावी का?

सोलापूरच्या एका वाचकांचं पत्र आलं आहे. टॉवेल-चादरींचा त्यांचा होलसेल धंदा. अक्कलकोट रोड एमआयडीसीतून माल उचलायचा आणि तुळजापूर, लातूर, विजयपूरच्या दुकानदारांना पोचवायचा. गाडी 2012 सालची, डबल केबिन पिकअप, पुढच्या दोन्ही दारांना पॉवर विंडो. ड्रायव्हरकडची काच महिन्यापूर्वी खाली गेली ती गेलीच. बटण दाबलं की दारात घर्र आवाज येतो, काच हलत नाही. क्लिनरकडची खाली जाते, पण वर येत नाही, दोन्ही तळहातांनी ओढून घ्यावी लागते. गॅरेजवाल्याने दोन्ही दारांच्या मोटर आणि मशीन (काच वर-खाली सरकवणारी यंत्रणा) बदलायचे 9,600 रुपये सांगितले. मेहुणे म्हणतात, या गाडीत आता रुपया घालू नका. शोरूमने जुन्या गाडीचे 1,70,000 धरलेत आणि नवी गाडी 10,50,000 ला रस्त्यावर येते. 2,80,000 ची एफडी मोडायची आणि 6,00,000 चं कर्ज घ्यायचं, 11 टक्के, पाच वर्षं. ती एफडी मुलीच्या इंजिनिअरिंगच्या प्रवेशासाठी ठेवलेली आहे.

नमस्कार. एफडी मोडू नका आणि 9,600 सुद्धा इतक्यात देऊ नका. तुम्ही लिहिलेली लक्षणं वाचून मला वाटतं की दोन्ही दारांचं दुखणं वेगवेगळं आहे, आणि दोन्ही मोटरी तर नक्कीच गेलेल्या नाहीत.

हे मी ठामपणे लिहिते कारण माझे वडील हैदराबाद रोडला, मार्केट यार्डाच्या बाजूला, ट्रकचं वायरिंग करायचे. त्यांच्या खिशात कायम एक टेस्ट लॅम्प असे. बारा व्होल्टचा छोटा बल्ब, त्याला दोन वायरी, एकीला क्लिप. एकदा एक गिऱ्हाईक आलं, त्यांनी दुसरीकडे काचेची नवी मोटर बसवून घेतली होती आणि काच तरीही बंद. वडिलांनी दार पूर्ण उघडलं. दार आणि खांबामध्ये वायरींवर रबराची नळी असते, ती मागे सरकवली. आत एक वायर तुटलेली, तांब्याचे धागे हिरवे पडलेले. दार हजारो वेळा उघडतं-मिटतं, वायर तिथेच वाकते आणि तिथेच तुटते. त्या माणसाचे मोटरचे पैसे वाया गेले होते, कारण आधी कोणी बल्ब लावून पाहिलाच नव्हता.

आता तुमची गाडी. ड्रायव्हरकडे घर्र आवाज येतो म्हणजे फ्यूज, बटण, वायर आणि मोटर जिवंत आहेत. मोटर फिरतेय, पण तिची ताकद काचेपर्यंत पोचत नाही. मशीनमधली काच ओढणारी तार तुटली असेल, आतलं नायलॉनचं गिअर झिजलं असेल किंवा काच धरणारी प्लॅस्टिकची क्लिप मोडली असेल. क्लिप निघाली तर काम अगदी किरकोळ आहे. काही मॉडेलमध्ये मशीन आणि मोटर एकत्रच मिळतात, तेव्हा त्या एका दाराचा खर्च मान्य करा. तोवर ते बटण पुन्हा पुन्हा दाबू नका. तुटकी तार मशीनच्या चाकात गुंतली तर चांगली मोटरही अडकते.

क्लिनरकडचं तुम्ही आज रात्री घरासमोरच तपासू शकता. आधी ती काच वर नेण्याचं बटण ड्रायव्हरच्या दारावरून दाबा, मग क्लिनरच्या दारावरून. क्लिनरच्या बटणाने काच वर आली तर दोष ड्रायव्हरच्या मेन स्विचमध्ये आहे. दोन्हीकडून आली नाही तर केबिनचा दिवा लावा, चावी ऑन ठेवा आणि वर जायचं बटण दाबून दिव्याकडे बघा. दिवा किंचित मंद झाला तर मोटर जोर लावतेय आणि काच अडकलीय. काचेच्या दोन्ही बाजूंची रबरं उन्हाने कडक होतात, त्यात धूळ बसते. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, त्यामुळे बारा-चौदा वर्षांच्या रबराला दोष देता येत नाही. ती पुसून सिलिकॉन स्प्रे मारा. ग्रीस किंवा इंजिन ऑइल लावू नका, त्यावर धूळ आणखी चिकटते. दिवा जराही हलला नाही तर करंट पोचत नाही, म्हणजे बटण किंवा ती रबरी नळीतली वायर. काच खाली जाते आहे म्हणजे मोटर फिरते हे तर तुम्हाला दिसतंच. वर जाताना तीच मोटर उलटी फिरवायची असते आणि ते काम बटणाचं.

दाराचं आतलं पॅनेल मात्र स्वतः खोलायला जाऊ नका. मोटर सुटली की काच खाली आपटते आणि कैचीसारख्या मशीनमधली स्प्रिंग बोट कापू शकते. बसस्टँडकडच्या किंवा यार्डाकडच्या एखाद्या वायरमनला नुसतं तपासायला सांगा आणि तपासणीचे पैसे वेगळे द्या. ज्याला पार्ट विकायचा नाही त्याच्याकडून निदान करून घेणं हे डॉक्टरांच्या सेकंड ओपिनियनसारखंच आहे. तोवर काच वर धरून लाकडी पाचर मारा आणि टेप लावा. उघड्या काचेने गाडी बाहेर रात्रभर ठेवू नका, केबिनमध्ये बिलबुकं आणि नमुन्याचे टॉवेल असतात असं तुम्हीच लिहिलं आहे. इन्शुरन्सकडून या दुरुस्तीची आशा धरू नका. झीज आणि इलेक्ट्रिकल बिघाड ओन डॅमेजमध्ये, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्यात, बसत नाही.

गॅरेजवाल्याने हाताच्या हँडलची मशीन बसवायचंही सुचवलं आहे. माल वाहून नेणाऱ्या गाडीला तो सल्ला मला चुकीचा वाटत नाही. तुमच्याच मॉडेलच्या खालच्या व्हेरियंटला हँडल येत असेल तर दाराच्या आत मशीन सरळ बसते. निव्वळ जुगाड करायचा असेल तर नको.

आता मोठा प्रश्न. 6,00,000 वर 11 टक्क्यांनी पाच वर्षांचा हप्ता महिन्याला सुमारे 13,045 रुपये बसतो. पाच वर्षांत व्याजच 1,82,700 च्या आसपास जातं. वर्षाचे हप्ते 1,56,500 होतात, तर गेल्या वर्षी क्लच धरून तुमचा दुरुस्तीचा खर्च 38,000 झाला. नवी गाडी लिटरला तीन किलोमीटर जास्त देईल, म्हणजे 11 ऐवजी 14, असं तुम्ही लिहिता. महिन्याला 1,500 किलोमीटर फिरलात तर 29 लिटर डिझेल वाचतं. लिटरला 90 रुपये धरले तरी ते 2,600 च्या घरात जातं. हप्त्याचा पाचवा भागच भरून निघतो.

जीएसटी 28 वरून 18 टक्के झाला, आता घेतली नाही तर कधी घेणार, असं सेल्समन म्हणाला. ती कपात खरी आहे, माल वाहनांना 22 सप्टेंबर 2025 पासून लागू आहे. पण तुम्ही रेग्युलर जीएसटीत नोंदलेले व्यापारी आहात. धंद्याच्या माल वाहनावरचा जीएसटी तुम्हाला इनपुट क्रेडिट म्हणून, म्हणजे तुम्ही भरायच्या जीएसटीतून वजा होऊन, आधीही मिळाला असता, आताही मिळेल. घरगुती गाडी घेणाऱ्याचा जितका फायदा झाला तितका तुमचा झालेला नाही. घसारा, म्हणजे गाडीची किंमत दरवर्षी थोडी थोडी खर्चात धरून कर वाचवणं, त्यातही तसंच आहे. तुमचा कर 20 टक्क्यांच्या टप्प्यात असेल तर रुपया खर्चून वीस पैसे वाचतात, आणि तुम्ही अंदाजित उत्पन्नाच्या योजनेत (उलाढालीच्या ठरावीक टक्क्यांना नफा धरून) रिटर्न भरत असाल तर घसारा वेगळा मिळतच नाही. हे तुमच्या सीएंना विचारा.

गाडी बदलायची वेळ येईल, त्याबद्दल मेहुणे चूक नाहीत. ती वेळ कोणत्या खुणांवर ठरवायची, एवढंच मी वेगळं सांगते. चॅसीला गंज खोल गेला, इंजिन ऑइल पिऊ लागलं, किंवा माल भरलेली गाडी महिन्यातून दोनदा रस्त्यात बसू लागली आणि लातूरचा दुकानदार दुसऱ्याकडून टॉवेल घेऊ लागला, तर मी स्वतः तुम्हाला कर्ज घ्या म्हणेन. आठ वर्षांपुढच्या माल वाहनाला दरवर्षी फिटनेस, म्हणजे गाडी रस्त्यावर चालवण्यायोग्य असल्याची तपासणी, करावंच लागतं आणि वयाप्रमाणे त्याची फी चढत जाते. म्हणून दर वर्षी फिटनेसच्या महिनाभर आधी, वहीतले वर्षाचे दुरुस्तीचे आकडे समोर घेऊन, हा विचार करा.

तोवर महिन्याला 4,000 रुपयांची आरडी गाडीच्या नावाने सुरू करा. दोन वर्षांत 96,000 आणि वर व्याज जमतं. कर्ज 1,00,000 ने कमी झालं की हप्ता 2,170 रुपयांनी उतरतो. आणि एक्स्चेंजला जाताना काचा चालत्या ठेवा. शोरूमवाला खाली पडलेली काच दाखवून भाव पाडतो, आज तुम्हाला सांगितलेले 1,70,000 हा काचा बिघडलेल्या गाडीचा भाव आहे. तुमचा नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल विम्याच्या हप्त्यात मिळणारी सूट) 50 टक्क्यांवर आहे असं तुम्ही लिहिलंय. तो गाडीचा नसतो, तुमचा असतो. गाडी विकाल तेव्हा इन्शुरन्स कंपनीकडून त्याचं प्रमाणपत्र घ्या, तीन वर्षांच्या आत त्याच प्रकारच्या दुसऱ्या गाडीवर लावता येतो.

एफडीची पावती काढून मुदत बघा. ती प्रवेशाच्या आधी संपत असेल तर ऑटो रिन्यूअल बंद करायला बँकेत अर्ज द्या, नाहीतर ऐन फीच्या वेळी मुदतीआधी मोडून व्याज कापलं जाईल. वायरमनने काय सांगितलं तेही कळवा. क्लिनरकडे बटणाऐवजी मोटर निघाली तरी माझं म्हणणं बदलणार नाही, खर्च फार तर 9,600 पर्यंत जाईल, आणि तो एका हप्त्यापेक्षा कमीच आहे.