रेड ब्लेंड मुरतेय की मरतेय? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

प्रश्न : नमस्कार ताई, कॅबर्ने सोव्हिन्यॉ आणि मर्लो या दोन द्राक्षांच्या ब्लेंडच्या, म्हणजे मिश्र रेड वाइनच्या, सहा बाटल्या दोन वर्षांपूर्वी घेतल्या होत्या. पहिली लगेच उघडली तेव्हा काळ्या फळांचा काय सुंदर वास होता! मागच्या महिन्यात दुसरी उघडली तर वास जवळजवळ गायब, तोंड कोरडं पडलं, मजाच नाही. वाइन खराब झाली का? बाकीच्या चार पटापट संपवून टाकू का?

उत्तर : अजिबात नको, थांबा जरा. खराब वाइनचा वास बहुतेक वेळा लगेच कळतो, म्हणजे ओल्या पुठ्ठ्यासारखा कोंदट वास आला तर तो बुचाचा दोष, टीसीए नावाच्या संयुगामुळे येतो, आणि व्हिनेगर किंवा नेलपॉलिश रिमूव्हरसारखा आला तर वाइन आंबतेय. तुम्ही यातलं काहीच लिहिलेलं नाही. फक्त एक आहे, टीसीए अगदी थोडा असेल तर कोंदट वास येत नाही, नुसता फळांचा वास दबतो, त्यामुळे ती एकच बाटली तशी निघाली असंही होऊ शकतं. पण मला जास्त शक्यता वाटते ती वाइन ‘बंद’ झाल्याची. टॅनिन म्हणजे द्राक्षाच्या सालीतून आणि बियांतून येणारा, तोंड कोरडं करणारा घटक; तो भरपूर असलेल्या चांगल्या रेडमध्ये असा काळ येतो, ताज्या फळांचा वास ओसरलेला असतो, मुरल्यावर येणारे वास अजून तयार झालेले नसतात आणि टॅनिन मात्र तसंच कडक असतं, मग पिणाऱ्याला वाटतं की सगळं संपलं.

आणि ब्लेंडमध्ये हे जास्त जाणवतं कारण त्यातली द्राक्षं एका वेगाने म्हातारी होत नाहीत. मर्लो लवकर पिकते, मऊ आणि गुबगुबीत असते, तरुणपणी वाइन प्यायला सोपी वाटते ती बऱ्याचदा तिच्यामुळे. कॅबर्ने सोव्हिन्यॉचे दाणे छोटे, साल जाड, त्यामुळे टॅनिन जास्त आणि दमही जास्त. कॅबर्ने फ्रॅंक असेल तर ती सुगंध देते, पेटिट व्हर्डो बहुतेक वेळा थोडीशीच घालतात, रंग आणि कणखरपणासाठी. फ्रान्समधल्या बोर्डो भागात नदीच्या डाव्या काठावर कॅबर्नेचा भर, उजव्या काठावर मर्लोचा, म्हणून एकाच वर्षाच्या दोन्हीकडच्या वाइन शेजारी ठेवल्या तर उजव्या काठाची बऱ्याचदा आधी मोकळी होते. तुमच्या बाटलीत प्रमाण काय आहे ते लेबलच्या मागे बघा, कॅबर्ने निम्म्याहून जास्त असेल तर तुमच्याकडे वेळ आहे.

मी तुमच्या जागी असते तर पुढची बाटली वर्ष-दीड वर्षाने उघडली असती आणि त्यानंतरची आणखी दोन वर्षांनी, आणि प्रत्येक वेळी चार ओळी लिहून ठेवल्या असत्या. ब्लेंड समजून घ्यायचा मला माहीत असलेला सगळ्यात खरा रस्ता हाच आहे, तीच वाइन पुन्हा पुन्हा, वेगवेगळ्या वयात. दहा वेगळ्या बाटल्या चाखून जे कळत नाही ते एकाच वाइनच्या चार बाटल्यांत कळतं, आणि ‘ही अमुक वर्षी प्या’ असं कोणी कितीही ठामपणे सांगितलं तरी तुम्हाला ती कोणत्या वयात आवडते ते दुसरा कोण सांगणार?

प्रश्न : नुसतं ग्लासकडे बघून वय कळतं म्हणतात, खरंच कळतं का?

उत्तर : अंदाज नक्की येतो. ग्लासात एक तृतीयांशपेक्षा कमी वाइन घ्या, खाली पांढरा कागद ठेवा आणि ग्लास आडवा कलवा. मधला भाग सोडा, कडेला वाइन पातळ होत जाते तिथे बघा. तरुण वाइनची कड जांभळट, कधी कधी निळसर गुलाबी. काही वर्षांनी ती माणकासारखी लाल, मग विटेसारखी आणि शेवटी नारिंगी-तपकिरी. तरुण रेडला रंग देणारी अँथोसायनिन टॅनिनला जोडली जातात, त्यांच्या लांब साखळ्या होतात, त्यातल्या काही जड होऊन तळाशी बसतात. म्हणून जुन्या रेडचा रंग फिका होतो, तळाला गाळ दिसतो आणि तोंडातला खरखरीतपणाही कमी होतो.

मग वास घ्या, आधी ग्लास न हलवता आणि नंतर गोल फिरवून. तरुणपणी ब्लॅककरंट, प्लम, बॅरलमधून आलेला व्हॅनिला आणि लवंग. मुरल्यावर सुकी फळं, सिगारच्या डब्यासारखं लाकूड, तंबाखू, चामडं, ओली माती, मशरूम. हे सगळे वास एकाच ग्लासात सापडायलाच हवेत असं काही नाही हं, दोन ओळखता आले तरी पुष्कळ आहे.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा, आंबटपणा वयाबरोबर फारसा कमी होत नाही. फळं विरली, टॅनिन विरलं आणि जिभेवर नुसती आंबट धार राहिली, तर ती वाइन तिच्या चांगल्या काळाच्या पलीकडे गेली.

प्रश्न : डिकँटरमध्ये, म्हणजे वाइन ओतून ठेवायच्या काचेच्या भांड्यात, ती किती वेळ ठेवायची? मित्र म्हणतो जितकी जुनी तितका जास्त वेळ.

उत्तर : बरोबर उलटं आहे! तरुण, कडक ब्लेंडला हवा लागते, एक-दोन तास खुशाल ठेवा. खूप जुनी वाइन नाजूक असते, तिचा वास हवेत अर्ध्या तासातसुद्धा उडून जाऊ शकतो आणि मग हळहळण्याशिवाय काही उरत नाही. तिला डिकँट करायचं ते फक्त गाळ वेगळा करायला. आदल्या दिवशीच बाटली उभी करून ठेवा, बूच हळू काढा, बाटलीच्या मानेखाली मोबाइलचा टॉर्च धरा आणि न थांबता एका दमात ओता, मध्येच बाटली सरळ केली तर गाळ परत ढवळला जातो. बाटलीच्या खांद्यापाशी गाळाची काळी रेघ सरकताना दिसली की थांबायचं, तळातल्या दोन घोटांचा मोह नको. आणि लगेच प्या.

प्रश्न : प्रत्येक रेड ठेवली की चांगली होते का?

उत्तर : नाही. बहुतेक रेड दोन-तीन वर्षांत प्यायलाच बनवलेल्या असतात आणि त्या ठेवून लोक त्यांचं नुकसान करतात, मला याचं खरंच वाईट वाटतं. ठेवायच्या वाइनमध्ये तरुणपणीच टॅनिन, आंबटपणा आणि फळ तिन्ही भरपूर हवं. एकच कमी असेल तर वाट बघून ते येत नाही.

प्रश्न : वाइन सेलर नाही, किचनच्या कपाटात वरच्या फळीवर ठेवली तर?

उत्तर : तिथे नको, घरातली सगळ्यात गरम जागा तीच. १२ ते १४ अंश आदर्श, पण त्याहीपेक्षा तापमान वर-खाली न होणं महत्त्वाचं. अंधार हवा, बूच असेल तर बाटली आडवी ठेवा म्हणजे बूच सुकत नाही. अशी जागा नसेल तर वर्षानुवर्षं ठेवायच्या भानगडीत पडू नका, आत्ता तयार असलेली वाइन घ्या आणि १६ ते १८ अंशांवर प्या. ज्यांच्याकडे जागा आहे त्यांनी जमलं तर दीड लिटरची मॅग्नम घ्यावी, तिच्यात वाइनच्या मानाने हवा कमी असते म्हणून ती ७५० मिलीपेक्षा सावकाश मुरते. ३७५ मिलीची छोटी, म्हणजे ‘अर्धी’ बाटली मात्र लवकर म्हातारी होते, ती आधी उघडा.